दाई नसलेला तांडा

जन्माच्या क्षणी निसर्ग आणि शासन असे दोघेही स्त्रीच्या उशाशी उभे असतात. हे वाक्य माझं आहे. आमच्या तालुका आरोग्य अधिकारी साहेबांच्या भाषणासाठी मी ते लिहून दिलं होतं आणि त्यांनी ते दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा माईक बंद होता. वाक्यातला निसर्गाबद्दलचा भाग खरा आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं.

भाषण झालं ते मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावर. पोहरादेवीच्या रस्त्यावरून आत वळलं, एका नाल्यावरचा रपटा, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, ओलांडला, की चढावर पन्नास-साठ घरं लागतात. ऊसतोडीला जाणारी, उरलेल्या महिन्यांत सोयाबीन आणि तूर पिकवणारी माणसं. या तांड्यात सलग तीन वर्षं एकही बाळंतपण घरी झालं नव्हतं. सगळ्या बाया दवाखान्यात जाऊन बाळंत झाल्या होत्या. निदान कागदावर तसं होतं, आणि कागद मी तयार केला होता. मी आरोग्य सहाय्यिका, म्हणजे सहा उपकेंद्रांतल्या नर्सांवर देखरेख ठेवणारी बाई. मूळची रिसोडची, तिथल्या वाचनालयाची जुनी सभासद. कार्यालयात वाचणारी मी एकटीच असल्यामुळे भाषणं, अहवाल आणि शोकसंदेश माझ्याकडे येतात.

तर तांड्याच्या तोंडाशी एक फलक उभा केला होता. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं : या गावात घरी बाळंतपण होत नाही. पाहुणे अडीच तास उशिरा आले. त्यांनी दोरी ओढल्यावर पडदा निम्माच सरकला आणि मग ओढूनही सरकेना, त्यामुळे लोकार्पण 'या गावात घरी' एवढ्याच मजकुराचं झालं. टाळ्या मात्र पूर्ण फलकाला पडल्या.

मागच्या रांगेत एक म्हातारी बसली होती. ती या तांड्याची दाई. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांना पहिल्यांदा तिनेच हातात घेतलं होतं. फलक तिच्यामुळेच लागत होता, म्हणून सत्कारात तिचं नाव नव्हतं.

तिची माझी ओळख जुनी. मी नवी नर्स होऊन या भागात आले तेव्हा गावोगावच्या दायांना शिकवायचं असं धोरण होतं. शाळेच्या ओट्यावर दहा म्हाताऱ्या बसवून मी सहा दिवस रबरी बाहुलीचं बाळंतपण करून दाखवलं. माझं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं. म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत आणि तोंडावर पदर घेत. शेवटच्या दिवशी प्रत्येकीला पत्र्याचा डबा दिला : साबण, ब्लेड, दोरा, प्लास्टिकचा तुकडा. काही वर्षांनी धोरण बदललं. दाई नकोच, असं ठरलं. डबे परत घ्यायलाही मीच गेले. तिच्या डब्यात तंबाखू होता. तिनं तो पदरात ओतून घेतला, डबा पुसला आणि माझ्या हातात दिला.

मग फलकाची वेळ आली तेव्हा तिचा अंगठाही घ्यावा लागला.

"हा कायचा कागद हाय वो बाई?" तिनं विचारलं.

"तुम्ही आता दाई नाही, असं लिहिलंय आजी."

"मंग मी कोण हाओ?"

"ते लिहिलेलं नाही."

तिला ते पटल्यासारखं दिसलं. तिनं शाई लावलेला अंगठा मी दाखवला तिथे टेकवला आणि भिंतीला पुसला.

एवढ्यावर भागलं नाही. फलकाआधी वाशीमहून तपासणीला समिती येणार होती. म्हणून मी तांड्याच्या देवळापुढे सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं की कुणीही रजिस्टर घेऊन आलं आणि विचारलं, तुमच्याकडे दाई आहे का, तर काय म्हणायचं? नाही म्हणायचं. चांगली तीन-चार वेळा घोकंपट्टी घेतली.

"आन् म्हातारी तिथंच समोर बसेल असली त?" एका माणसानं विचारलं.

"तरी नाही म्हणायचं."

"तिनंच इचारलं त?"

सगळे हसले. म्हातारी सगळ्यांत जास्त हसली. समिती आली तेव्हा तांड्यानं इतकं एकमुखी उत्तर दिलं, की एका सदस्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, यांना दाई म्हणजे काय ते माहीत आहे ना?

पुढच्या ऑगस्टमध्ये पाऊस तीन दिवस थांबला नाही. नाले रस्त्यावर आले आणि तालुक्याच्या गावी आपत्ती नियंत्रण कक्ष उघडला. म्हणजे एका खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक फोन. एका खुर्चीत महसूलचा कारकून आणि दुसरीत आरोग्याकडून मी. दर पावसाळ्याआधी आम्ही यादी करतो : पाण्यानं वेढली जाणारी गावं कोणती, आणि त्यांतल्या दिवस भरत आलेल्या बाया कोणत्या. त्यांना आधीच दवाखान्याजवळ आणून ठेवायचं. यादीतल्या सगळ्या बाया आणल्या होत्या. दोघी तर चुलीची काळजी करत परत जायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवून ठेवलं होतं. माझं काम तसं संपलं होतं.

त्या खुर्चीत मी पूर्वीही एकदा बसले होते. दोन पावसाळ्यांपूर्वी, अशाच दिवशी, दुसऱ्या एका गावातून एका अडलेल्या बाळंतिणीसाठी फोन येत राहिले आणि मग येईनासे झाले. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो, आणि मी तो अर्ज भरला जो अशा वेळी भरायचा असतो. आठ पानं आहेत. निर्णय घ्यायला उशीर झाला का, पोचायला उशीर झाला का, उपचार मिळायला उशीर झाला का. तिन्ही ठिकाणी खूण केली. त्या बाईच्या आईनं मला चहा दिला होता आणि मी तो प्याले होते. त्यानंतर मला फारसं काही वाटेनासं झालं. झोप लागते, जेवण जातं, पुस्तकं वाचून होतात. पुस्तकात कुणी मेलं की आधी थोडं थांबायची, आता पान उलटते.

साडेदहाला तांड्याच्या आशाताईचा फोन आला. आशाताई म्हणजे तांड्यातलीच एक सून, गावात आरोग्याचं काम बघणारी. हुशार आहे, आणि मला घाबरते.

"मॅडम, एकीले कळा सुरू झाल्या."

"कुणाला? यादीत तुमची कुणी उरली नाही."

"शेवटच्या घरातली सून. तिले अजून अठरा दिवस व्हते न."

अठरा दिवस कागदावर होते.

"नर्सबाई कुठं आहेत?"

"पल्याड. रपट्यावरून पाणी चाल्लं मॅडम, कमरीच्या वर. त्या तिकून हात करून राह्यल्या, आमी इकून."

मी बोटीसाठी फोन लावला. बोट एकच होती आणि ती दुसऱ्या एका गावातून माणसं काढत होती. ती कुणा पुढाऱ्याला पाहणीसाठी फिरवत होती असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं नव्हतं. चार तास लागतील म्हणाले. मी पुन्हा आशाताईला फोन केला.

"बाईजवळ कोण आहे?"

"सासू हाय. मी हाओ."

"दाईला बोलाव."

मग आशाताई वेगळ्याच, सरळ केलेल्या आवाजात म्हणाली, "आमच्या गावात दाई नाही, मॅडम."

ते वाक्य मला ओळखू आलं.

"अगं, मी तपासायला विचारत नाही. खरंच विचारते."

"हो मॅडम. नाही मॅडम."

मागून पुरुषाचा आवाज आला, "कोण हाय फोनवर?"

"मॅडम हाय. दाई हाय का म्हून इचारून राह्यल्या."

"मंग सांग न, नाही म्हणा!"

आणि मग तीन-चार आवाज एकदम, दारातून, ओट्यावरून : "नाही जी! दाई नाही!"

मी सासूला फोन द्यायला सांगितलं.

"बाई, आमी समदे दवाखान्यातच जातो," सासू म्हणाली.

"आज कशा जाणार?"

"पाणी उतरलं का जातो."

"तोवर?"

"तोवर थांबते न ते."

"कोण थांबते?"

मागे कुणीतरी कण्हत होतं, लांब आणि खालच्या आवाजात. मग लाईन गेली.

मी पोलीस पाटलाला लावला. ते शांत माणूस आहेत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दाई नाही असं लेखी पाहिजे का मॅडम?"

चाळीस मिनिटं असं चाललं. मी रागावून पाहिलं, विनवून पाहिलं, शपथ घेतली. जितकं जास्त बोलत होते तितकी त्यांची खात्री होत होती, की ही तपासणी मोठी आहे आणि वरून आली आहे. मी शिकवलेलं इतक्या नीट कुणी लक्षात ठेवल्याचं माझ्या नोकरीतलं हे एकच उदाहरण.

कारकुनाच्या रजिस्टरमध्ये रकाने होते : माणसं, जनावरं, पडलेली घरं. पेन कानावरून काढून तो म्हणाला, "मॅडम, अडकलेल्या माणसांत गरोदर बाई एक धरू का दोन?"

"सध्या एक."

त्यानं एक लिहिलं. तो वाईट माणूस नाही. त्यानं माझ्यासाठी चहा मागवला आणि कप माझ्या कोपराजवळ सरकवून ठेवला.

लाईन लागण्याची वाट बघताना मी खण उघडला आणि त्यातून तो आठ पानी अर्ज काढला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. काढला, टेबलावर सरळ केला आणि पहिल्या ओळीत तांड्याचं नाव लिहिलं. बाईच्या नावाची जागा मोकळी ठेवली. अक्षर चांगलं आलं.

अकरा वाजून गेल्यावर आशाताईचाच फोन आला. आवाज नेहमीचा झाला होता.

"मॅडम, तुमी खरंच रागावान नाही न?"

"नाही."

"कुठं लिहान नाही न?"

"नाही लिहीत."

"मंग घ्या. बोला."

"काय वो बाई," म्हातारीचा आवाज आला. "कायले एवढे फोन करून राह्यली?"

"आजी! तुम्ही तिथं कधी आलात?"

"कोंबडा आरवला तवाचीच हाओ."

म्हणजे ती सगळा वेळ तिथेच होती. दाई नाही, दाई नाही असं ते मला ओरडून सांगत होते तेव्हा ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर बाईच्या पाठीला तेल लावत बसली होती. बहुधा तीही ओरडली असेल.

"आजी, तुम्ही हे बाळंतपण करा," मी म्हटलं. ते जरा आदेशासारखं झालं.

"मी नाही करत. तूच त अंगठा नेला."

"आज करा."

"अवो, डोक्सं दिसून राह्यलं! तुह्या हुकुमासाठी ते थांबते का? ठेव फोन. मले दोन्ही हात लागते."

अकरा वीसला मुलगी झाली. आशाताईनं फोन तिच्याजवळ धरला आणि मी तिचं रडणं ऐकलं. चांगलं जोरात होतं. कारकुनानं एकाचे दोन केले.

दहा मिनिटांनी पुन्हा फोन.

"मॅडम, वार पडली, पन रगत थांबून नाही राह्यलं. गोधडी भिजली. दुसरी टाकली, तेही भिजली."

इथपर्यंत बोटीसाठी चार तास थांबता येत होतं. आता येत नव्हतं. रक्त असं वाहायला लागलं, की बाई दोन तासांत जाते, कधी त्याच्याही आधी. हे मी दायांना शाळेच्या ओट्यावर शिकवलं होतं आणि दोन पावसाळ्यांपूर्वी स्वतः पुन्हा शिकले होते.

यावर गोळ्या असतात. बाळंतपण घरी होण्याची शक्यता असेल तिथे त्या आशाताईकडे देऊन ठेवतात, आणि रक्त थांबायला त्यांची मदत होते. या तांड्यात मात्र घरी बाळंतपण होत नव्हतं. त्यामुळे फलक लागला त्याच आठवड्यात मी त्या गोळ्या परत घेतल्या होत्या. आशाताईची सही घेऊन.

"बाळाला छातीशी लाव," मी म्हटलं.

"लावलं."

"तिला लघवी करू द्या."

"केली."

"पोट चोळा, बेंबीच्या खाली, गोळा कडक होईपर्यंत."

"आजी तेच करून राह्यल्या मॅडम. आता मूठ देल्ली त्यायनं, बेंबीच्या वर. पुऱ्या अंगाचा भार टाकला. हालून नाही राह्यल्या."

पोटातली मोठी रक्तवाहिनी दाबून धरणारी ती मूठ आता डॉक्टरांनाही शिकवतात, वाशीमला, रबरी पुतळ्यावर. मी म्हातारीला ती कधी शिकवलेली नव्हती. मला विचारण्यासारखं काही उरलं नाही. तरी मी विचारत राहिले, आणि प्रत्येक गोष्ट माझ्या आधीच झालेली असायची.

माझ्या मोबाईलवर नर्सबाईचा फोन आला. ती अलीकडच्या काठावर उभी होती. तिच्या पिशवीत गोळ्या होत्या, इंजेक्शन होतं, सगळं होतं. समोर पन्नास-साठ मीटर पाणी होतं.

"मॅडम, इथं एक भाऊ आहेत. ते गोफणीनं फेकतो म्हणतात."

"काय फेकतो?"

"गोळ्या."

काठावर बघ्यांत एक शेतकरी होता. रोही, म्हणजे नीलगायी, सोयाबीनमध्ये शिरतात म्हणून दिवसभर गोफण खांद्यावर टाकून फिरणारा.

"फेका," मी म्हटलं.

एका कानाला टेबलावरचा फोन, दुसऱ्याला मोबाईल. नर्सबाईनं तीन गोळ्या हातमोज्याच्या बोटात घालून, खड्याला बांधून दिल्या. गोफण फिरल्याचा आवाज मला आला नाही, पण काठावरच्या लोकांचा आला. आधी "हां हां हां" आणि मग "गेली!" हातमोज्याचं बोट मध्येच सुटलं होतं. दगड पलीकडे पडला, गोळ्या नाल्यात.

"मॅडमले सांगा," मागून तो माणूस म्हणत होता, "माहा नेम रोह्यावरचा हाय. गोळीवरचा नाही."

"अबे, बोलू नको, फिरव!" दुसरं कुणीतरी.

नर्सबाईकडे आणखी तीनच गोळ्या होत्या. या वेळी त्यानं स्वतःच्या दुपट्ट्याची चिंधी फाडली, पुडी खड्यासकट आवळून बांधली आणि सोडली. पुडी पाणी ओलांडून पलीकडच्या सोयाबीनमध्ये पडली. तिकडची माणसं गुडघाभर चिखलात वाकून शोधायला लागली. अलीकडून सगळे ओरडून दिशा दाखवत होते आणि प्रत्येकाची दिशा वेगळी होती.

दुसऱ्या कानात आशाताई. "तिचे ओठ पांढरे पडले मॅडम. बोलून नाही राह्यली. आजी म्हन्ते पाय उचलून धरा. धरले."

"आजींना विचार, मूठ सोडली का?"

"नाही सोडली. त्यायच्या नाकावरून घाम टपकून राह्यला."

खिडकीच्या बाहेर तहसीलच्या पत्र्यावरून पाणी पडत होतं. पन्हळीला एक भोक होतं, तिथून वेगळी धार लागली होती. मी ती धार बघत होते. मला भीती वाटत नव्हती. भीती वाटायला पाहिजे, असं मात्र वाटत होतं.

"सापडली!" मोबाईलमध्ये आरडाओरडा झाला. मग पळण्याचा आवाज, पलीकडचा, जो मला अर्थातच ऐकू आला नसणार, पण आठवतो.

"गोळ्या आल्या?" मी टेबलावरच्या फोनवर विचारलं.

"आल्या मॅडम."

"दिल्या?"

आशाताई मागे कुणाशी तरी बोलत होती.

"दिल्या का गं? गोळ्या दिल्या का? जिभेखाली ठेवायच्या. दिल्या?"

"हो मॅडम. देल्ल्या."

मी घड्याळात बघून वेळ लिहिली. बारा वाजून पाच मिनिटं. साडेबाराला आशाताई म्हणाली, रक्त आता अगदी थोडं आहे. पाऊणला म्हणाली, बाईनं पाणी मागितलं.

मी फोन ठेवला. चहावर साय धरली होती. मी ती बोटानं काढून बशीत ठेवली आणि चहा प्याले. कारकून म्हणाला, "चला, बरं झालं मॅडम." मी हो म्हटलं. अर्जावर तांड्याचं नाव पेन्सिलीनं लिहिलं होतं, ते खोडलं आणि अर्ज खणात परत ठेवला. पेन्सिल वापरली याचं श्रेय मी घेत नाही. पेन कारकुनाच्या कानावर होतं.

दुपारी चारला पाणी गुडघ्यावर आलं. बाईला ट्रॅक्टरवर बाजेसकट अलीकडे आणलं. दवाखान्यात तिला दोन पिशव्या रक्त चढवलं. मी संध्याकाळी तिला बघितलं. कागदासारखी पांढरी होती आणि झोपली होती. मुलगी तिच्या काखेत होती.

नंतरचं सगळं गोफणीचं झालं. नर्सबाई, तो शेतकरी आणि गोफण यांचा काठावर उभं करून फोटो काढला गेला आणि तो ज्या ज्या फोनवर जायचा तिथे गेला. वरून सूचना आली, की जिल्ह्याच्या नवोपक्रम स्पर्धेसाठी यावर सविस्तर प्रस्ताव पाठवावा. तो लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी शीर्षक दिलं : आपत्कालीन स्थितीत पारंपरिक साधनाद्वारे जीवरक्षक औषधांची पोच. साहेबांना ते फार आवडलं. प्रत्येक पूरप्रवण उपकेंद्राला एक गोफण द्यावी अशी शिफारस जोडली गेली. बैठकीत एका अधिकाऱ्यानं गोफणीची प्रमाणित लांबी विचारली. मी म्हटलं, ज्याच्या त्याच्या हातावर असते. ते तसंच इतिवृत्तात आलं.

म्हातारीबद्दल मी एक वाक्य लिहिलं होतं. पृष्ठमर्यादा दोन पानांची होती, त्यात ते बसलं नाही. बाळंतपण घरी झालं असं लिहिलं असतं तर फलक उतरवावा लागला असता, म्हणून ते दवाखान्याच्या वाटेवर झालं असं लिहिलं. दवाखान्याची वाट बाजेपासूनच सुरू होते, असं साहेब म्हणाले. हे त्यांचं स्वतःचं वाक्य आहे.

बाराव्या दिवशी मी तांड्यावर गेले. बाईला बघायचं होतं आणि प्रस्तावात गोळ्या दिल्याची थोडी तपशीलवार हकीकत घालायची होती. पुरवणी पाठवता येते. बाई दारात बाजेवर बसून मुलीला पाजत होती. अजून फिकी होती, पण डोळ्यांत ओळख होती.

"तुला काय काय आठवतं?" मी विचारलं.

"मले काही याद नाही, मॅडम," ती म्हणाली. "फकस्त ते मूठ. अजून दुखते."

तिनं पदर बाजूला केला. बेंबीच्या वर हाताच्या मुठीएवढा डाग होता. कडेनं पिवळा आणि मध्ये हिरवट झालेला. चार बोटांच्या हाडांचे ठसे वेगवेगळे मोजता येत होते. मी ते बघत राहिले. सासू म्हणाली, "हळद लावून राह्यली मी रोज." मी म्हटलं, लाव.

म्हातारी आली आणि उंबऱ्यावर बसली. आशाताई तिच्यामागे उभी राहिली.

"आजी, त्या गोळ्या," मी म्हटलं. "जिभेखाली दिल्या का पाण्यासोबत?"

म्हातारीनं आशाताईकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे, मग माझ्या पिशवीकडे.

"रजिस्टर आन्लं काय?"

"नाही."

"त्या गोळ्या नाही देल्ल्या," ती म्हणाली.

"पण फोनवर तर..."

"तुमी इतक्या खेपा इचारलं, मॅडम," आशाताई म्हणाली. "मले वाटलं, हो म्हणाव लागते."

म्हातारीनं तंबाखू मळायला घेतला. चिंधीतून पाणी आत गेलं होतं, ती सांगत होती. पुडी सोडली त नुसता पांढरा चिखल. तो बाहेर फेकून देल्ला. पुडी घरात आली तवा रगत तसंही थांबेल व्हतं.

गोफणीची फाईल आदल्या दिवशी वाशीमला गेली होती. तिला दुसरा क्रमांक मिळाला.